रासबेरीतली बत्ती

“मग कुंडलं कधी घालायची, बाबा?”

सकाळी सकाळी हातात बादली घेऊन रखमाजी धावतच मठात शिरला होता. धाप लागलेली, पण डोळे नुसते चमकत होते.

धुंडीनाथबाबा दात घासत होते. त्यांनी हातानेच ‘बस’ म्हटलं. पण बसतोय कोण?

रखमाजी बारा वर्षं मठात होता. नाथपंथाची दीक्षा मिळावी, कानांत कुंडलं यावीत, एवढीच त्याची आस. गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले होते, “रासबेरी वाचव, मग बघू.”

उत्सव चार दिवसांवर आला होता. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर रासबेरीचा द्रोण ठेवायचा, ही या डोंगरावरच्या मठाची रीत. आणि वळीव पडल्यापासून भुंगेरे रोज दिवेलागणीला उतरत, पानं-फळं फस्त करत.

रखमाजीने डोकं चालवलं. लग्नाच्या मांडवात टांगतात तशी गॅसबत्ती वाफ्यांच्या मधोमध टांगली. खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं घमेलं ठेवलं. भुंगेरे उजेडावर झेपावत आणि घमेल्यात पडत.

“पहिल्या दिवशी अर्धं घमेलं... परवा काठोकाठ... आणि काल, बाबा, घमेलं भरून वर ही बादली.”

बाबांनी चूळ भरली आणि बादलीत डोकावून पाहिलं.

“रोज वाढतायत?”

“रोज.” रखमाजीची छाती फुगली.

बाबा गप्प राहिले. रखमाजीला ते कौतुकच वाटलं. माणूस खुशीत असला की गप्प बसणाराही त्याला मान डोलावताना दिसतो.

इतक्यात खालच्या शेतातल्या हौसाबाई नारळ घेऊन आल्या. बाबांच्या पायाशी ठेवत म्हणाल्या, “तुमची किरपा, बाबा. तीन दिस झालं, आमच्या रानात एक भुंगेरा न्हाई. समदे कुठं गेले, द्येवाला ठावं.”

रखमाजीने बादली हळूच खाली ठेवली...

बाबा उठले आणि रासबेरीकडे चालू लागले. रखमाजी मागोमाग. कडेची झुडपं अजून हिरवी होती. जसजसं आत जावं तसतशी पानांची चाळण झालेली. बत्तीखाली तर नुसत्या काड्या उरल्या होत्या; तीन दिवस रखमाजीची नजर घमेल्यावरच होती. बादलीत पडले त्याच्या कितीतरी पट भुंगेरे वाटेत जेवून गेले होते.

रखमाजी मटकन खाली बसला. त्याला रडूच आलं. उत्सवाला लोकांच्या हातावर काय ठेवायचं? बारा वर्षं, आणि ऐन वेळी हे.

मग एकदम तो ताडकन उठला. डोळे पुसले. ते पुन्हा चमकू लागले होते.

“हा माझा गर्व, बाबा. आता त्याच्याच मागे लागतो. डोळ्यांत तेल घालून शोधतो, दिसला की ठेचतो. आणि दिवसभरात किती वेळा ठेचला, ते रोज तुम्हाला येऊन सांगतो.”

बाबांनी बत्ती खाली उतरवली. उपरण्याने तिची काच पुसली आणि ती त्याच्या हातात दिली.

“ठेच की. रोज बादली भरून आणशील... फक्त ही कुठे टांगणार, तेवढं आधी सांग.”