केरूची अदलाबदल

हमरस्त्याला लागून एक गाव होतं आणि त्या गावात केरू नावाचा एक भोळा गाडीवान होता. मैनाक्कांच्या लाकडाच्या वखारीत तो बैलगाडी हाकायचा. वखारीत नको असलेलं ज्याला हवं त्याला पोचवायचं आणि बदल्यात त्याच्याकडचं नको असलेलं आणायचं, हे त्याचं काम.

एकदा अक्का म्हणाल्या, "केरू, हा भुसा सर्जेरावांच्या वीटभट्टीवर दे. बदल्यात विटांचे तुकडे आण. अंगणात भराव घालायचाय."

वाटेत वारा सुटला. केरू भट्टीवर पोचला तेव्हा गाडीत बैलांची पेंडच काय ती उरली होती.

"भुसा कुठाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"वाटेतल्या सगळ्यांना थोडा थोडा मिळाला," केरू म्हणाला.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अरे, वरून पाणी मारायचं. मग उडत नाही."

"चुकलंच. माझं डोकं म्हणजे रिकामं पोतं," केरू म्हणाला.

पुढच्या खेपेला गुऱ्हाळात जाळायला ढलप्या न्यायच्या होत्या. केरूनं त्यांच्यावर विहिरीचं पाणी बादल्या भरभरून ओतलं. एकही ढलपी उडाली नाही. एकही पेटलीही नाही. गुऱ्हाळात एवढा धूर झाला की गुळव्याला आपली कढई सापडेना. तरी त्या भल्या माणसानं बदल्यात उसाच्या रसाची मळी दिली. ती अक्कांना गोठ्यावर पाठवायची होती.

"ओलं काय म्हणून दिलंस?" अक्का म्हणाल्या. "माल आधी उन्हात पसरायचा, कडकडीत वाळवायचा, मग न्यायचा."

"पोत्याला भोकही आहे म्हणायचं," केरू स्वतःशी पुटपुटला आणि त्यानं सगळी मळी वखारीच्या दारात उन्हात पसरली.

दुपारपर्यंत पंचक्रोशीतल्या मुंग्या आल्या. माश्या तर त्यांच्याही आधी आल्या होत्या. अक्का बाहेर आल्या, तर एक चप्पल मळीत रुतली. दुसऱ्या चपलेनं त्या पुढे गेल्या, तर तीही रुतली. अनवाणी उभ्या राहून त्या शांतपणे म्हणाल्या, "केरू, मला आता तू नकोस."

केरू गाडीच्या चाकाला टेकून बसला. मग त्याला वाटलं, बरोबरच आहे. भुशाचाही काही उपयोग होतो, आपला तेवढाही नाही. पण वखारीत नको असलेलं पोचवायचं काम तर आपलंच.

तो उन्हात आडवा पडला. दोन्ही अंगांनी नीट वाळला. मग गाडीत चढला आणि थेट वीटभट्टीवर गेला.

"आज काय आणलंस?" सर्जेराव म्हणाले.

"मला. अक्कांना नकोय. उतरवून घ्या."

"तुझं मी काय करू?"

"ते मला कळलं असतं तर अक्कांनी ठेवून नसतं का घेतलं? बदल्यात तुम्हाला नको असेल ते द्या."

सर्जेरावांनी विचार केला. विटांच्या थप्पीला टेकून त्यांचा मेव्हणा दौलत घोरत होता. लग्नाला आला होता, तो राहिलाच होता. सर्जेरावांनी त्याला हळूच उचलून गाडीत ठेवलं.

संध्याकाळी गाडी वखारीत आली. अक्कांनी आत डोकावलं.

"हा कोण?"

"माझ्या बदल्यात मिळाला. आता हा तुमचा."

"मग तू इथं काय करतोयस?"

"हा झोपलेला. गाडी हाकायला कुणीतरी नको का, अक्का? म्हणून मीच घेऊन आलो."

तेव्हापासून मैनाक्कांच्या वखारीत दोघंही आहेत.