चिमाआत्याचा धूर

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या भोवरवाडीत थंडी अशी पडायची, की कोंबडा आधी चुलीपाशी शेकून घ्यायचा आणि मगच आरवायचा, असं म्हणतात. अशाच एका माघात अवकाळी पाऊस उतरला आणि बायजाचं घर गळू लागलं. घरात तिची सून ओली बाळंतीण. नातू मुठीएवढा, आणि पाणी नेमकं त्याच्या बाजेवर ठिबकायचं. बाज कोपऱ्यात सरकवली, तर गळतीही कोपऱ्यात आली. पोराचे ओठ निळे पडायला लागले, तशी बायजानं त्याला आपल्या पदरात गुंडाळलं.

तिचा लेक सावळा छपरावर चढला. गळतीच्या बरोबर वरची कौलं त्यानं बदलली आणि पायाखालची तेवढीच फोडली; त्यांच्या जागी घरातली शिल्लक कौलं संपवून तो खाली आला, तरी गळती होती तशीच.

मग बायजानं चिमाआत्याला हाक मारली. ही वाडीची छपरं शाकारायची. कौलांवरून मांजर गेलं तर आवाज व्हायचा, ही गेली तर नाही.

"पाणी शिरतं एकीकडं, वाशावरनं चालत जातं आन् ठिबकतं दुसरीकडं," चिमाआत्या म्हणाली. "घरात धूर कोंडू, तो जिथनं बाहेर पडंल तिथनंच पाणी आत शिरतंय. मायलेकरांना शेजारच्या गोठ्यात न्या, म्हशींच्या उबेला."

बायजा दारात आडवी उभी राहिली. "बाळंतीण उंबऱ्याबाहेर? आज पाचवी हाय! सटवाई नशीब लिहायला आली आन् पोर जाग्यावर नसलं तर?"

"अगं बायजे, पोर हितंच ठेव की! सटवाई लिहील आन् वरनं पाणी पडंल. सकाळी कपाळावर नशीब न्हाई, नुसता शाईचा ओघळ दिसंल!"

बायजा नातवाच्या कपाळाकडे बघत राहिली. तिथं एक थेंब होताच. तिनं तो पदरानं टिपला, पोर उचललं आणि सुनेला घेऊन स्वतःच गोठ्याकडे निघाली.

दारं लावली, आत ओल्या गोवऱ्या पेटवल्या. धूर तसा सगळ्याच कौलांतून थोडा थोडा झिरपतो. पण आढ्याजवळ, बाजेपासून पार लांब, तो जाड वेणीसारखा उठला. सावळा शिडी आणायला धावला. तोवर चिमाआत्या ती वेणी धरून वर पोचलीसुद्धा, असं म्हणतात. तिथं एक कौल उभं चिरलेलं होतं. पावसात कुंभाराची भट्टी बंद, नवं कौल मिळणार कुठून? तिनं आपल्या घराचं काढलं आणि इथं बसवलं.

धूर निवल्यावर बायजा घरात परतली आणि बाजेपाशी तळहात पसरून बसली. बाहेर पाऊस कोसळत होता. हात कोरडाच राहिला, तेव्हा ती इतकी मोठ्यानं हसली की गोठ्यातलं पोर जागं झालं आणि पहिल्यांदाच पोटभर रडलं.

चिमाआत्याच्या छपराला भोक राहिलंच. पण त्यातून पाऊस कधी आत आला नाही; आलाच तर दारातून यायचा, पाय धुऊन, असं म्हणतात. बायजाच्या नातवानं नव्वदी गाठली आणि जन्मात त्याला शिंक आली नाही.

आजही भोवरवाडीत कुणा सुनेचे दिवस भरत आले, की तिला बाहेर ओसरीवर बसवून घरात धूर कोंडतात. सगळी वाडी अंगणात माना वर करून उभी राहते. वेणी उठली, की जो तो आपल्या छपराचं एक कौल काढून आणतो. चिरलेलं कौल बदललं आणि धूर विरळ झाला, की सासू सुनेचा हात धरते आणि म्हणते, "चल आत. चिमाआत्या वर बसलीय."