पावश्याचं घरटं

माणसांना पेरणी ठाऊक नव्हती, तेव्हा पावशा पाखरांनाच सल्ले द्यायचा. सकाळी तो जांभळीच्या शेंड्यावर बसला, की सगळं रान माना वर करून ऐकत राही.

एकदा तो म्हणाला, "यंदा ओढा फुगत नाही. काठावर बांधून घ्या, मागून जागा मिळणार नाही."

पाखरांची झुंबड उडाली. भोरी नावाची सातभाईणही जावेबरोबर निघाली, पण जाता जाता तिने विचारलं, "पावशेदादा, तुमचं घरटं कुठल्या काठाला?"

"मी अंदाज सांगतो, बाई. बांधायला मला सवड कुठाय?"

जाऊ पुढे गेली, भोरी माघारी वळली. वाटेत, दरसाल ओढ्याच्या वाळूत अंडी घालणारी टिटवी यंदा टेकाडाच्या माथ्यावर अंड्यांवर बसलेली दिसली. एरवी रान डोक्यावर घेणारी ती बया आज गप्प होती. भोरीने तिथल्याच बाभळीवर घरटं बांधलं.

पुढे ओढा फुगला आणि काठची घरटी वाहून गेली. नशीब, अंडी कुणीच घातली नव्हती. भिजलेल्या जावेला पंखाखाली घेतल्यावर भोरीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात जांभळीवरून आवाज आला, "बाभळीवर बांधा, हे मी आधीपासून सांगत होतो."

"ऐकलंस?" जाऊ म्हणाली.

"ऐकलं. पुढच्या साली आधी टिटवी कुठं बसलीय ते बघून ये."