तडकलेल्या भोपळ्याचा तंबोरा

एका गावात एक तंबोरे करणारा म्हातारा होता. त्याचं नाव केरोबा. या गोष्टीत जे वाईट झालं, ते त्याच्या एकट्यामुळे झालं. उगाच नशिबाला बोल लावू नये.

केरोबाचे तंबोरे लांबलांबचे गवई घेऊन जात. पण त्याचे कान कधीच गेले होते, पार ठार. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखी. ओठ दिसले नाहीत, तर गुरकावून वेळ मारून नेई. लोक म्हणत, मोठा कारागीर आहे, तऱ्हेवाईक असायचाच. केस पांढरे झाले की माणसाला काहीही माफ असतं.

खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती, त्याच्या बायकोला आणि गुरवाच्या शेवंताला. शेवंता गाणं शिकत होती. तंबोरा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून दोघांत ठरलं होतं, तिनं त्याला कान द्यायचे, त्यानं तिला हात द्यायचे. रोज दुपारी ती येई. केरोबा तारांखालची घोडी घासे, ती ऐके आणि बोटानं खुणावे: अजून थोडं, अजून, बस. चार वर्षं तिनं त्याचे तंबोरे असे सुरात आणले. कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. बदल्यात जत्रेत पहिल्यांदा गायला बसताना तिला एक तंबोरा मिळायचा होता, चांगल्यातला चांगला.

जत्रा जवळ आली. केरोबानं माळ्यावरचा तडकलेला भोपळा काढला. भेगेत लाख आणि भुसा भरला, वरून झकास वेलबुट्टी काढली आणि शेवंतासाठी त्याचाच तंबोरा बांधला.

बायको म्हणाली, "अहो, पोरीला हा देताय?"

"मग? पैसे देतेय का ती? नुसतं बसून ऐकायचं, त्यात कसले आलेत कष्ट!"

"मग तुम्हीच ऐका की बसून!"

केरोबानं मान फिरवली. मान फिरवली की तिचं बोलणं संपे.

जत्रेच्या सकाळी देवळापुढं सगळा गाव बसला. गवईही आले होते. केरोबा पहिल्या ओळीत, जाणकारासारखे डोळे मिटून. शेवंतानं सूर लावला, आवाज चढवला, आणि फाडकन भोपळा दुभंगला. तारा सैल होऊन लोंबल्या. ती गायची थांबली.

त्या शांततेत केरोबा मान डोलवत मोठ्यानं म्हणाला, "वा! काय बोलतोय तंबोरा! गा पोरी, थांबू नकोस!"

सगळी सभा हबकली. शेवंता उठली आणि तिनं त्याचा गुडघा हलवला. त्यानं डोळे उघडले.

"नाना, तो फुटलाय. मी गातच नाहीये."

केरोबानं मागं वळून पाहिलं. शे-दोनशे तोंडं उघडी होती, पण एकही ओठ हलत नव्हता. त्याला वाचायला काही उरलं नव्हतं.

शेवंताचं पहिलं गाणं तिथंच मोडलं. ती पुन्हा त्याच्या दारात गेली नाही. केरोबा त्यानंतर नऊ वर्षं जगला. त्याच्या हातून एकही तंबोरा सुरात लागला नाही.

तात्पर्य: पैसे मोजावे लागले नाहीत, म्हणून कुणाचं काम फुकट होत नाही. हुन्नराच्या बदल्यात हुन्नर द्यायचं कबूल करून जो उलट टाकाऊ माल देतो तो चोर असतो, मग तो वयानं कितीही मोठा असो.