भरली झोळी खाली ठेवायची नाही

एक भलंमोठं जंगल होतं आणि त्या जंगलाला स्वतःचं टपालखातं होतं. हसताय काय? तुमच्या गल्लीत पोस्टमन येतो ना, तसाच तिथेही येत असे. फरक एवढाच, की तिथल्या पोस्टमनला चार पाय असत आणि त्यामुळे सायकल लागत नसे. पत्रं पळसाच्या पानांवर नखांनी कोरलेली असत. नदीपलीकडून पाणमांजरं ती घेऊन येत आणि वडाच्या झाडापाशी देत. तिथून जंगलातले टपालवाले ती आपापल्या झोळीत भरत आणि घरोघरी पोचवत.

आता हे टपालवाले म्हणजे ऐरेगैरे नव्हेत हं! नदीकाठाला कासव जाई, माळावर ससा जाई, झाडांवरच्या घरांना खार जाई आणि उंच टेकडीवर मुंगूस चढे. टपाल ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, उंबऱ्यावर टाकून पळायचं नाही, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवायचं, अशी त्यांची रीत. आणि सगळ्यांत कडक रीत म्हणजे, झोळीत एक जरी पान असलं तरी झोळी जमिनीला टेकवायची नाही. पाणी प्यायचं तरी झोळी गळ्यात. एकदा ससा चिखलाच्या खड्ड्यात कानापर्यंत बुडाला होता, पण झोळी त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. ससा काळाकुट्ट आणि झोळी कोरडी ठणठणीत! जंगलात अजून ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना छाती फुगवून सांगतात.

टेकडीवर एक म्हातारी साळू राहत असे. अंगभर काटे, पण स्वभावाने लोण्यासारखी. डोळे मात्र अधू झाले होते. तिची लेक नदीपलीकडे दिली होती. लेकीचं पान आलं की मुंगूस भर उन्हात टेकडी चढे, दारात उभं राहून "टपाऽल!" अशी हाळी देई आणि पान वाचून दाखवी. म्हातारी म्हणे, "ते मघाचं पुन्हा वाच रे." मग मुंगूस पुन्हा वाची. कंटाळा? छे! म्हातारी हसली की मुंगसाला टेकडी चढल्याचा शीण जाणवतच नसे.

खात्याचा प्रमुख होता कोल्हा. त्याने जन्मात एक पान वाहिलं नव्हतं, पण टपालाविषयी बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, टपालाचा शोध यानेच लावला. एके दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना वडाखाली बोलावलं आणि घसा खाकरून सांगितलं, "उद्यापासून दारोदार हिंडणं बंद. पाणमांजरांनी आणलेलं टपाल इथे वडाखाली ओतायचं. ज्याला हवं असेल तो येईल आणि शोधून घेईल. टेकडीची फेरी तर कायमची बंद. तुम्ही मोकळे झालात की शेजारच्या रानातलं टपालही तुम्हालाच वाहायला देतो!"

एवढं बोलून शेपटी उडवत स्वारी निघून गेली. टपालवाले बघतच राहिले. सकाळचं टपाल झोळ्यांत भरलेलं होतं, पण पाय कुणाचाच हलेना. शेवटी सगळे तसेच ओढ्याकाठच्या जांभळाखाली जमले. इकडे कोल्ह्याला राहवेना. तो गुपचूप मागे आला आणि करवंदीच्या जाळीआड लपून ऐकत बसला.

"संप!" मुंगूस उसळून म्हणालं. "माझी म्हातारी काय टेकडी उतरून वडापर्यंत येणार? दिसत नाही तिला! पानांच्या ढिगातून आपलं पान कसं शोधणार ती?"

"अरे, पण संप केला की खात्याकडून मिळणारा शिधा बंद," ससा कान पाडून म्हणाला. "माझी पिल्लं लहान आहेत रे. आणि सगळं जंगल आपल्यालाच नावं ठेवील. टपाल अडवलं म्हणतील. नको रे बाबा!"

खार म्हणाली, "थोडे दिवस थांबून बघू या का? कोल्हेबुवा आपसूक विसरतील."

"थांबा! झाडावर बसून थांबा!" मुंगसाचं डोकंच फिरलं. "मत घ्या, मत! ज्याला संप हवा त्याने झोळी खाली ठेवायची. नको असेल त्याने गळ्यात ठेवायची. हे बघा माझं मत!" आणि त्याने गळ्यातली झोळी काढून धाडकन जमिनीवर आपटली.

झालं! सगळ्यांचे डोळे त्या झोळीवर खिळले. करवंदीच्या जाळीआड कोल्ह्याला मात्र उकळ्या फुटल्या. "सापडले! आता बघतोच एकेकाला," असं पुटपुटत तो जो निघाला तो थेट सिंहमहाराजांच्या गुहेच्या रस्त्याला. गुहा डोंगरांपलीकडे, बरीच लांब. पण चहाडी करायला निघालेल्याला लांब कधी वाटलंय? पुढे जांभळाखाली काय झालं, ते ऐकायला तो थांबलाच नाही. तिथेच तर चुकलं त्याचं.

पुढे असं झालं. कासव सगळ्यांत जुनं टपालवालं. ते सावकाश पुढे आलं आणि हळूच म्हणालं, "भरलेली झोळी रे?"

एवढंच म्हणालं. ओरडलं नाही, रागावलं नाही. मुंगसाने झोळीकडे पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने झटकन झोळी उचलली, शेपटीने तिची धूळ झाडली आणि ती छातीशी धरून ते उभं राहिलं. "चुकलं," ते म्हणालं.

"संप करायला माझी ना नाही," कासव म्हणालं. "पण आपल्याकडे आलेलं टपाल कोल्ह्याचं नाही आणि आपलंही नाही. ज्याचं आहे त्याला आधी देऊन या. दारात जाल तेव्हा उद्यापासून काय होणार तेही सांगा. मग रिकाम्या झोळ्या घेऊन इथे या. मत तेव्हा देऊ."

हे सगळ्यांना पटलं. जो तो आपल्या वाटेने पळाला. त्या दिवशी टपाल असं पोचलं म्हणता, की विचारू नका. कासवसुद्धा पळत होतं. आता कासवाचं पळणं ते, पण पळत होतं हे खरं.

मुंगूस टेकडीवर पोचलं. लेकीचं पान आज नव्हतं, तिच्या शेजारणीचा साधा निरोप होता. तो वाचून झाल्यावर त्याने म्हातारीला सगळं सांगितलं आणि ते चाचरत म्हणालं, "आजी, आम्ही संप करायचा म्हणतोय."

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"काही दिवस नाही येणार."

"आणि संप नाही केलास तर?"

मुंगूस खाली बघत म्हणालं, "तर उद्यापासून कधीच येणार नाही. तुलाच वडाखाली यावं लागेल."

साळू हसली. तिचे काटे खुळखुळले. "मग मला विचारतोस काय, वेड्या! काही दिवस कळ काढीन मी. जन्मभर काढायला लावू नकोस म्हणजे झालं. जा, मत देऊन ये."

उन्हं कलली तेव्हा सगळे पुन्हा जांभळाखाली जमले. मुंगूस झोळी काढणार, तेवढ्यात दुसरीच एक झोळी खाली पडली. कुणाची असेल? सशाची! सगळे चकित झाले. ससा म्हणाला, "दारोदार मला एकच विचारत होते, उद्या येशील ना रे? मला उत्तर देता येईना. असं मान खाली घालून मी कुणाच्या दारातून कधी परतलो नव्हतो." मग मुंगसाने झोळी ठेवली, खारीने ठेवली, शेवटी कासवाने ठेवली. गळ्यात एकही झोळी राहिली नाही. ठेवण्याआधी प्रत्येकाने आपली झोळी उलटी करून झटकून दाखवली. एकीतूनही पान पडलं नाही.

संप सुरू झाला. दिवस सोपे नव्हते. शिधा बंद झाला. सशाची पिल्लं कुरकुरू लागली. पण काय आश्चर्य! माळावरून कुणी कंद आणून दिले, नदीकाठावरून कुणी शिंगाडे पाठवले, माकडांनी बोरांचा ढीग ओतला. "इतकी वर्षं तुम्ही आमच्या दारात येत होतात, आता आम्ही तुमच्याकडे आलो," असं म्हणत जंगल त्यांच्याभोवती उभं राहिलं. टपालवाल्यांच्या माना ताठ झाल्या. त्यांना वाईट एकाच गोष्टीचं वाटे. पाणमांजरं नदीपलीकडून टपाल आणत होती आणि नव्या नियमाप्रमाणे वडाखाली ओतून जात होती. ढीग वाढत चालला होता.

अखेर एके सकाळी सिंहमहाराज जांभळाखाली आले. पुढे कोल्हा, मागे महाराज. कोल्हा हातभर जीभ काढून सांगत होता, "महाराज, या डोळ्यांनी पाहिलं! भरलेली झोळी धाडकन आपटली! लोकांचं टपाल धुळीत टाकून हे बोरं खात बसलेत!"

महाराजांनी पंजाने एक झोळी उलटी केली. रिकामी. दुसरी केली, तीही रिकामी. सगळ्या झोळ्या उलट्या झाल्या. "कोल्हेबुवा," महाराज म्हणाले, "टपाल कुठं आहे?"

कोल्हा शेपटी पायांत घालून मागे सरकला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, चाचपडत, कुणी पुढे आलं. ती म्हातारी साळू होती. कितीतरी वर्षांनी ती टेकडी उतरली होती. आवाज मात्र खणखणीत होता. "मी सांगते महाराज. यांच्या झोळीत होतं ते सगळं आम्हाला हातात मिळालं. राहिलेलं वडाखाली कुजतंय. ते यांनी नाही टाकलं. या कोल्ह्याच्या नियमाने टाकलंय. हे संपावर नसते तरी ते तिथेच पडलं असतं!"

सगळे वडाखाली गेले. ढिगाच्या तळाशी वाळवी लागली होती. वरची पानं वाऱ्याने उडून झुडपांत अडकली होती. मुंगूस धावत जाऊन ढिगात घुसलं आणि दोन्ही पंजांनी पानं उपसू लागलं. अखेर ओळखीची नखं उमटलेलं एक पान मिळालं. लेकीचं पान! एक कोपरा वाळवीने खाल्ला होता, अक्षरं शाबूत होती.

महाराजांनी ढिगाकडे पाहिलं आणि मग कोल्ह्याकडे पाहिलं. "नियम रद्द," ते म्हणाले. "पूर्वीसारखं टपाल दारोदार जाईल, टेकडीवरही जाईल. आणि हा ढीग तुम्ही एकट्याने निवडायचा, कोल्हेबुवा. एकेक पान!"

जंगलात एकच जल्लोष झाला. टपालवाल्यांनी आपापल्या झोळ्या उचलून गळ्यात घातल्या. मुंगूस नाचतच साळूपाशी आलं. "आजी, लेकीचं पान आलंय! वाचू?"

साळूने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"इथं नको," ती म्हणाली. "टेकडीवर घेऊन ये."

"अगं, पण तू इथेच आहेस की! पान माझ्या हातात आहे!"

"असू दे. मी घरी जाते. तू दारात ये."

मुंगूस तिच्याकडे बघतच राहिलं. मग त्याला कळलं. त्याने पान झोळीत ठेवलं आणि ते पायथ्याशी उभं राहिलं. साळू थांबत, धापा टाकत वर चढली. ती घरात शिरलेली दिसली तेव्हा कुठे मुंगूस निघालं. भरली झोळी गळ्यात सांभाळत ते सरसर टेकडी चढलं, दारात उभं राहिलं आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशी त्याने हाळी दिली, "टपाऽल!"

"आले रे बाबा, आले!" आतून आवाज आला.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य ध्यानात ठेवा : हक्कासाठी काम थांबवावं लागलं तर जरूर थांबवावं, पण हाती घेतलेलं काम ज्याने आधी चोख पुरं केलं, त्याच्याच पाठीशी सगळे उभे राहतात.