सुभगा सुईणीने मागितलेली फुले

पूर्वी अंजनपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी नदीकाठच्या एका माळ्याच्या कुळात जन्म घेतला होता आणि रोहक या नावाने लोक त्यांना ओळखत. पावसाळा सरला की नदी काठावर काळाभोर गाळ ठेवून मागे हटे. त्या गाळात त्यांची जाई, शेवंती आणि कण्हेर बहरे. शेजारच्या तळ्यात कमळे उमलत. सकाळी नगरातली माणसे येऊन फुले नेत आणि दिवसभर गल्लीबोळांत त्यांचा वास दरवळत राही.

पुढे राणी चारुमती वारली. चितेवर तिला फुलांनी झाकले होते. ज्वाळा पोचण्याआधीच नुसत्या धगीने ती फुले काळवंडली, आणि राजाने ते डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून त्याला कोमेजणारे फूल नजरेसमोर सहन होईना. राज्यात जो कोणी फूल खुडील त्याचा हात तोडला जाईल, अशी त्याने दवंडी पिटवली.

माळ्यांनी ताटवे उपटून मोहरी पेरली. राजवाड्यात सोन्यामाणकांची फुले घडवली गेली आणि व्यापाऱ्यांनी दूरदेशाहून आणलेली रेशमी फुले प्रजा घेऊ लागली. सोन्याच्या फुलांची देखरेख राजाने बोधिसत्त्वांकडे सोपवली. राहायला प्रशस्त घर मिळाले, मानही मिळाला. काम होते धूळ पुसण्याचे. नदीकाठचा आपल्या बागेचा तुकडा मात्र त्यांनी मोडला नाही. तिथे फुले उमलत आणि तिथेच गळून पडत. अशी कितीतरी वर्षे गेली.

एका सकाळी सुभगा सुईणीची लेक सोमा त्यांच्या दारी आली. नगरातली निम्मी माणसे सुभगेच्या हातांवर जन्मलेली होती.

“आईचं आता काही खरं नाही,” सोमा म्हणाली. “अन्न घेत नाही. फुलं मागते. मी रेशमाची नेऊन दिली, तर बाजूला सारली. म्हणते, यांना आपल्या मातीचा वास नाही. दादा, मी हे मागायला नको. पण दुसऱ्या कोणाच्या दारी जाऊ?”

बोधिसत्त्वांनी कोनाड्यातून विळा काढला. त्यांची बायको इंदुका दारात आडवी उभी राहिली.

“हात गेला तर पुढे काय करायचं, याचा विचार केलात?”

“केला. या हातांनी मी इतकी वर्षं सोनं पुसलं. ते काम दुसरा कोणीही करील.”

इंदुका बाजूला होत म्हणाली, “तर मग कमळंही घ्या. तिला कमळं फार आवडतात. आपल्या दोन्ही लेकरांच्या वेळी तिनं ती उशाशी ठेवायला लावली होती.”

बोधिसत्त्वांनी लांब देठांची कमळे कापली, शेवंती कापली, जाईचे फुलांनी भरलेले वेल तोडले. सोमा म्हणाली, “वरून फडकं टाका, दादा.” त्यांनी नकारार्थी मान हलवली. “आजारी माणसाला चोरीची वस्तू कशी देऊ?” आणि दोन्ही हातांत तो भारा धरून ते भर उन्हात राजरस्त्याने निघाले.

आधी लोहाराचा घण थांबला. मग सौदे करणारे गप्प झाले. एका आंधळ्या म्हाताऱ्याने वासाच्या दिशेने तोंड वळवले आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. ज्या मुलांनी फूल कधी जवळून पाहिले नव्हते, ती आयांच्या पदराला धरून पाहत होती. कोणी हाक मारली नाही, कोणी हात लावला नाही. माणसे कामे टाकून त्यांच्यामागून चालू लागली.

चौकात रक्षकांचा नायक वज्रक आडवा आला. “रोहका, काय घेऊन चालला आहेस, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. एवढी सुभगेला पोचवू द्या. मग मी तुमच्याबरोबर येतो.”

वज्रकही सुभगेच्याच हातांवर जन्मला होता. त्याने नियमाप्रमाणे राजाकडे निरोप धाडला, आणि स्वतः गर्दी बाजूला करीत पुढे चालू लागला.

सुभगेने फुले छातीशी घेतली आणि त्यांत तोंड खुपसले. तिचा श्वास मोठा झाला. मग ती हसली, आणि ते हसू दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी ऐकले.

इतक्यात राजा आला. संतापाने त्याचा चेहरा लाल झाला होता. खाटेजवळ येऊन तो म्हणाला, “ही उद्या कोमेजणार.”

“हो,” सुभगा म्हणाली. “मीही उद्या नसेन. म्हणून तर आज मागितली.”

सुभगेने जाईची एक डहाळी त्याच्यापुढे धरली. “राणीला कोणतं फूल आवडायचं, बाळा?”

डहाळी हातात घेऊन राजा म्हणाला, “हेच. रोज संध्याकाळी माळायची. मी दरबारातून परतलो की आधी वास यायचा, मग ती दिसायची.” राणी गेल्यापासून तिच्याविषयी एक शब्दही त्याने उच्चारला नव्हता. तो खाटेच्या कडेवर बसला आणि बोलत राहिला, रडत राहिला. सुभगा ऐकत होती.

उन्हे कलल्यावर तिने कायमचे डोळे मिटले. वज्रक पुढे झाला आणि शिक्षेचे काय, असे त्याने हळूच विचारले.

“आज्ञा मी मागे घेतली,” राजा म्हणाला. “रोहका, मला क्षमा कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे नगर नदीकाठी लोटले. दव पडलेल्या त्या फुलांपुढे माणसे देवळात उभी राहावीत तशी उभी होती. कोणी पुढे होईना. तेव्हा इंदुकेने शेवंतीची एक जुडी कापून जवळच्या मुलीच्या हाती दिली. मुलीने तिच्याकडे पाहिले, फुलांकडे पाहिले आणि ती घराकडे पळत सुटली. मग एकेकाने हात पुढे केला.

पुढे कित्येक जन्मांनी, पत्नीच्या मृत्यूनंतर घराचे दार लावून बसलेल्या एका उपासकाला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. कथा संपवून ते म्हणाले, “उपासका, त्या वेळचा राजा तूच होतास. तुला हाताला धरून इथवर आणणारी ही वृद्ध भिक्षुणी म्हणजे सुभगा, विहाराचा द्वारपाल म्हणजे वज्रक, आणि माळी रोहक मी होतो. दुसऱ्याच्या मुखावर आनंद पाहण्यासाठी मी तेव्हा माझा हात पणाला लावला. तिचे हसू ऐकले तेव्हा मी भय विसरलो होतो. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानण्याच्या या वृत्तीलाच मुदिता म्हणतात.”