हललं गं हललं, चिंगीचं घरटं

ऐका हं. मांडी घाला. हलू नका. कारण या गोष्टीत सगळंच हलतंय!

एक होतं गॅरेज. गॅरेजाला पत्र्याचं छप्पर. छपराला लाकडी खांब. खांबावर, अगदी वर, खारीचं घरटं. खारीचं नाव चिंगी. घरट्यात चिंगीचं पिल्लू. इवलंसं. डोळेसुद्धा न उघडलेलं.

खांबाला टेकून उभी होती एक गाडी. ऐनापुरेकाकांची गाडी. काकांना दसऱ्याला बहिणीकडे जायचं होतं. पण गाडी भारी थरथरायची. काकांनी किल्ली फिरवली.

घर्र्र घर्र्र! धडधड धडधड!

गाडी हलली. खांब हलला. घरटं हललं. आणि घरट्यातला कापूस पडला खाली. भुस्स!

गेला चिंगीचा मऊ मऊ कापूस. गेला तर गेला. पण घरटं सरकलं ना! पार कडेला आलं. आणि खाली कोण बसलंय? बोका! मिशा पुसतोय. वर बघतोय.

चिंगीनं खाली वाकून बघितलं. पिल्लाला न्यावं तरी कुठं? खाली तर बोका!

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली गाडीकडे.

"गाडी गाडी, गप्प बस ना!
माझं पिल्लू पडेल ना!"

गाडी म्हणाली, "मी कशी गप्प बसू? माझ्या पोटात इंजिन नाचतंय. इंजिन थांबेना, मी गप्प बसेना."

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली इंजिनाकडे.

"इंजिना इंजिना, थांब ना!
गाडी गप्प बसेना,
माझं पिल्लू पडेल ना!"

इंजिन म्हणालं, "मी कसं थांबू? माझ्याखाली रबर आहे. त्यानं मला धरायचं असतं. रबर धरेना, मी थांबेना."

तेवढ्यात काका म्हणाले, "बघू बरं आता!" आणि फिरवली किल्ली.

घर्र्र घर्र्र! धडधड धडधड! घरट्यातली काडी पडली. टक्! बोका एक पाऊल पुढे आला.

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली रबराकडे. इंजिनाच्या खाली, काळोखात.

"रबरा रबरा, धर ना!
इंजिन थांबेना,
गाडी गप्प बसेना,
माझं पिल्लू पडेल ना!"

रबर म्हणालं, "मी कसं धरू? मी आहे आता जुनं. इथं भेग, तिथं चीर. माझ्या जागी नवं रबर हवं. पण मिस्त्री वाकेना, मी धरेना."

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली दगडूमिस्त्रींकडे. गॅरेज त्यांचंच.

"मिस्त्रीमामा, वाका ना!
रबर धरेना,
इंजिन थांबेना,
गाडी गप्प बसेना,
माझं पिल्लू पडेल ना!"

"रबर?" मिस्त्री म्हणाले. "आन् मी सायलेन्सर बांधत बसलो व्हय तारेनं!" त्यांनी बोनेट उघडलं. बॅटरीचा उजेड पाडून आत बघितलं. "आयला, खरंच की! रबरच फाटलंय. पर चिंगे, आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसलीत. पाना उठेना, मी वाकेना."

झाली का पंचाईत! रबर सापडलं, पण पाना पाटावर!

"बघू बरं आता!" म्हणाले काका. या काकांना काही धीर निघत नाही बाई.

घर्र्र घर्र्र! धडधड धडधड! घरट्यातलं गवत पडलं. भुर्रर्र! बोका आणखी एक पाऊल पुढे आला.

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली पाटाकडे. पाटावर पाना. हळद लावलेला, कुंकू लावलेला. ऐटीत बसलेला.

"पान्या पान्या, ऊठ ना!
मिस्त्री वाकेना,
रबर धरेना,
इंजिन थांबेना,
गाडी गप्प बसेना,
माझं पिल्लू पडेल ना!"

पाना म्हणाला, "मी कसा उठू? माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल आहे. झेंडू हलेना, मी उठेना."

"झेंडू झेंडू, हल ना!
पाना उठेना,
मिस्त्री वाकेना,
रबर धरेना,
इंजिन थांबेना,
गाडी गप्प बसेना,
माझं पिल्लू पडेल ना!"

झेंडू म्हणाला, "मी कसा हलू? इथली रीतच आहे तशी. आधी सगळ्यांना प्रसाद, मग फूल काढायचं. कुणीतरी राहिलंय. प्रसाद पुरा होईना, मी हलेना."

घर्र्र घर्र्र! धडधड धडधड!

अर्धं घरटं बाहेर आलं! पिल्लाची शेपटी लोंबायला लागली. बोका उभा राहिला. त्यानं जीभ फिरवली. चिंगीला रडूच आलं. रडत रडत पळाली.

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली मालनकाकूंकडे. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. प्रसादाचं ताट त्यांच्याच हातात.

"मालनकाकू, प्रसाद वाटा ना!
झेंडू हलेना,
पाना उठेना,
मिस्त्री वाकेना,
रबर धरेना,
इंजिन थांबेना,
गाडी गप्प बसेना,
माझं पिल्लू पडेल ना!"

काकू म्हणाल्या, "अगं, समद्यांना दिला की परसाद! ह्यांना दिला. ऐनापुरे भावजींना दिला. त्या मेल्या बोक्याला पेढा दिला. मग ऱ्हायलं कोण?"

तुम्ही सांगा बरं, कोण राहिलं?

काकूंनी खाली बघितलं. चिंगीनं वर बघितलं.

"अगं बया! तूच ऱ्हायलीस! आमच्याच छपराखाली ऱ्हातीस, आन् तुलाच इसरले!"

काका म्हणाले, "बघू बरं आ..."

"भावजी!" काकू ओरडल्या. "किल्ली सोडा आधी!"

काकांनी चटकन हात मागे घेतला. काकूंनी चिंगीला दिला खोबऱ्याचा तुकडा. चिंगीचं लक्ष वर, पिल्लाकडे. पण खाल्ला. कुटकुट कुटकुट, गट्ट!

प्रसाद झाला पुरा!

मग काय! काकूंनी फूल काढलं, झेंडू हलला. झेंडू हलला, पाना उठला. पाना उठला, मिस्त्री वाकले. इंजिनाखाली ठेवला लाकडाचा ठोकळा. ठोकळ्याखाली लावला जॅक. कुईं कुईं, इंजिन उचललं. कर्रर्र कर्रर्र, बोल्ट सुटला. जुनं रबर बाहेर. नवं रबर आत. बोल्ट पुन्हा घट्ट!

रबरानं धरलं. पण इंजिन थांबलं का? गाडी गप्प बसली का? बघायला तर हवं!

मिस्त्रींनी बोनेट लावलं. त्यावर ठेवला पाण्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला. "हां काका, आता फिरवा."

चिंगीनं डोळे घट्ट मिटले.

घूं... घूं... घूं...

तांब्यातलं पाणी हललं नाही. खांब हलला नाही. घरटं हललं नाही. चिंगीनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! चिंगी गेली वर. पिल्लाला आत ओढलं. घरटं ओढलं. बोक्यानं दिली मोठी जांभई आणि गेला निघून. काका गेले बहिणीकडे. मालनकाकूंनी चिंगीला दिला नवा कापूस. मऊ मऊ!

आता दर खंडेनवमीला त्या गॅरेजात पहिला प्रसाद कुणाचा? मिस्त्रींचा नाही. काकांचा नाही. बोक्याचा तर नाहीच नाही. पहिला तुकडा चिंगीचा!

खोबरं गेलं खारीच्या पोटात, गोष्ट गेली तुमच्या कानात. आता हलायचं तर हला!